महाद्वीप कशाला? खंड आहे की!

परभणीच्या एका शिक्षिकेचा प्रश्न: स्पर्धा परीक्षेच्या मुलांच्या तोंडी हल्ली 'महाद्वीप' बसलंय, मराठीत चालेल का? आणि ऑस्ट्रेलिया खंड, तर ग्रीनलंड नुसतं बेट, हे कसं?

नाही चालणार, बाई. हिंदीनं तो शब्द खुशाल वापरावा. आमच्याकडं क्लासवाले हिंदी नोट्स जशाच्या तशा उतरवतात, त्यातून ही लागण झाली.

वर त्याची वकिली करणारे पंडित संकल्प म्हणून दाखवतात: 'जंबुद्वीपे भरतवर्षे भरतखंडे'. म्हणजे द्वीप मोठं आणि खंड त्याच्या पोटातलं. मान्य. पण तिथं नुसतं 'द्वीप' आहे, 'महा' कुठून आणलंत? शिवाय पुराणातल्या जंबुद्वीपाला चहूकडून खारा समुद्र आहे. युरोपच्या पूर्वेला काय आहे? उरल पर्वत. आफ्रिकासुद्धा १८६९ साली सुएझचा कालवा खुला होईपर्यंत आशियाला चिकटलेलीच होती.

द्वीपाची खरी गंमत त्या 'प'त आहे. तो 'अप्'मधला, म्हणजे पाणी! द्वि + अप्, दोन्हीकडं पाणी. पाणिनीचं सूत्रच आहे: द्वि, अन्तर् किंवा उपसर्गापुढं अप् आला की त्याच्या 'अ'चा 'ई' होतो. म्हणून द्वीप, अंतरीप, प्रतीप आणि, ऐका, आपलं समीप! द्वीपकल्पातला 'कल्प' म्हणजे 'जवळजवळ, जरासं कमी'. तीन बाजूंना पाणी, बेट व्हायला जरासं कमी. याच प्रत्ययाचं व्याकरणातलं ठरलेलं उदाहरण 'विद्वत्कल्प'. वरच्या पंडितांना सप्रेम भेट.

खंड मात्र 'खण्ड्'वरून, तोडणं. मराठवाड्यात हे शिकवावं लागत नाही; जुलैत पावसानं खंड दिला की सोयाबीन माना टाकतं. इंग्रजी 'काँटिनंट' ज्या लॅटिन शब्दावरून आला, त्याचा अर्थ नेमका उलटा: एकत्र धरलेलं, सलग. बरोबर कोण? माझ्या मते आपण. १९१२ साली वेगेनर या जर्मन शास्त्रज्ञानं मांडलं की सगळी खंडं एकाच जुन्या भूमीचे तुटलेले तुकडे आहेत. शब्द आधीचा आणि शोध नंतरचा, हे मलाही कळतं. तरी असा चपखल बसलेला शब्द हातचा सोडायचा? त्या भूमीच्या दक्षिण भागात भारत, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका होते. त्याचं नाव गोंडवन, गोंडांच्या मुलखावरून. गोंड आपल्या किनवट-माहूरकडंही आहेत. त्याला 'गोंडवनालँड' म्हणू नये. वन म्हटलं की जमीन आलीच.

हां, ग्रीनलंड. ऑस्ट्रेलिया साधारण ७७ लाख चौरस किलोमीटर, ग्रीनलंड २२ लाखांच्याही आत. भिंतीवरच्या नकाशात ते फुगतं मर्केटरच्या प्रक्षेपणामुळं, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवायच्या त्याच्या पद्धतीमुळं. त्यात ते उत्तर अमेरिकेच्याच भूपट्टावर, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या तुकड्यावर, बसलंय, ऑस्ट्रेलियाचा भूपट्ट वेगळा. वर्गात नकाशा गुंडाळून पृथ्वीगोल काढा.