बीपी वाढवणारी औषधं बारीक रक्तवाहिन्यांचं रक्त तोडतात का?

तुमचा प्रश्न असा: वडिलांना सेप्टिक शॉक आहे, नॉरअ‍ॅड्रेनलिन चालू आहे, मॉनिटरवर बीपी ठीक दिसतंय, पण बोटांची टोकं गार आणि निळसर पडली आहेत. रक्तवाहिन्या आवळणारं औषध देऊन आपणच त्यांच्या बोटांचं, किडनीचं रक्त तोडतोय का?

मी आयसीयूत काम करते. तुमच्या वडिलांना मी पाहिलेलं नाही, त्यामुळे त्यांच्या डोसबद्दल बोलणार नाही. पण तुमची शंका अगदी योग्य आहे. पेशंटच्या उशाशी उभं राहून आम्हीही रोज हेच एकमेकांना विचारतो.

सेप्सिसमध्ये, म्हणजे जंतुसंसर्गाला शरीराने दिलेल्या बेफाम प्रतिसादात, छोट्या धमन्या सैल पडतात. त्याने बीपी कोसळलं की तो सेप्टिक शॉक. दाब इतका उतरतो की रक्ताला पुढे ढकलायला जोरच उरत नाही. नॉरअ‍ॅड त्या सैल भिंतींना पुन्हा ताण देतं, आणि शिरांमध्ये साचून राहिलेलं रक्त हृदयाकडे परत ढकलतं. हा दुसरा फायदा घरच्यांना सहसा कुणी सांगत नाही. केशवाहिन्यांच्या, म्हणजे सर्वात बारीक रक्तवाहिन्यांच्या, भिंतीत तर स्नायूच नसतो, त्यामुळे औषध त्यांना थेट आवळत नाही. आवळली जाते ती त्यांच्या अलीकडची छोटी धमनी. म्हणून सरासरी दाब, म्हणजे मॉनिटरवर बहुधा कंसात दिसणारा आकडा, 50 च्या आसपास असेल तर औषध रोखून बारीक वाहिन्या वाचत नाहीत, उलट उपाशी राहतात. 65 हे सुरुवातीचं लक्ष्य जगभर मानलं जातं. तिथपर्यंत औषधाला घाबरू नका.

खरा पेच त्यापुढे आहे. जिभेखाली टेकवून बारीक वाहिन्या थेट बघता येतील असा छोटा सूक्ष्मदर्शक मिळतो. त्याच्या हिरव्या प्रकाशात लाल पेशी काळ्या दिसतात. निरोगी माणसात त्या काळ्या दोऱ्यासारख्या सलग धावतात. सेप्सिसमध्ये एक वाहिनी छान वाहतेय, तिच्या शेजारची ठप्प, तिसरीत पेशी अडखळत सरकतायत, असं चित्र दिसतं. ब्रसेल्सच्या डॅनियल डी बॅकर आणि सहकाऱ्यांनी 2002 साली ते रुग्णांमध्ये मोजून दाखवलं. पहिल्यांदा असा व्हिडिओ पाहिला तेव्हा मी मॉनिटरवरच्या आकड्याकडे पूर्वीइतक्या विश्वासाने बघणं सोडलं. लाल पेशी साधारण 7 ते 8 मायक्रॉनची, आणि केशवाहिनी तेवढीच किंवा त्याहून अरुंद. एरवी पेशी वाकून निघून जाते. सेप्सिसमध्ये ती ताठरते, वाहिनीचं अस्तर बिघडतं, पांढऱ्या पेशी भिंतीला चिकटतात, सूक्ष्म गुठळ्या होतात. हा अडथळा औषधाच्या आधीपासूनचा आहे, आणि मागून दाब वाढवला म्हणून तो सुटेलच असं नाही.

मग दाब आणखी वाढवला तर? अर्जेंटिनाच्या अर्नाल्डो डुबिन यांच्या गटाने 2009 मध्ये 20 रुग्णांत नॉरअ‍ॅड वाढवत दाब 65 वरून 75 आणि पुढे 85 वर नेला. सरासरीत जिभेखालच्या प्रवाहात काही सुधारणा नाही. पण एकेक रुग्ण पाहिला तर ज्यांचा प्रवाह आधी वाईट होता त्यांचा सुधारायचा, आणि ज्यांचा बरा होता त्यांचा बिघडायचा कल दिसला. तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते इथे आहे: तेच औषध एकाला तारतं, दुसऱ्याला नडतं, आणि ते बीपीच्या आकड्यावरून कळत नाही.

2014 मध्ये फ्रान्समधल्या 776 रुग्णांच्या चाचणीत 80–85 आणि 65–70 अशी लक्ष्यं ठेवून तुलना झाली. मृत्यूंमध्ये फरक पडला नाही; वरच्या गटात हृदयाची लय बिघडण्याचं प्रमाण जास्त होतं. मात्र ज्यांना जुना बीपीचा त्रास होता त्यांना वरच्या दाबावर डायलिसिस कमी लागलं. वडिलांना आधीपासून बीपी असेल तर हे डॉक्टरांना जरूर सांगा. नॉरअ‍ॅडचा डोस चढत गेला की व्हॅसोप्रेसिन जोडतात. तेही आवळणारंच, त्वचेवर लक्ष ठेवूनच द्यावं लागतं.

रोजच्या कामात तो सूक्ष्मदर्शक बहुतेकांकडे नसतो. आम्ही बोट वापरतो. काचेची पट्टी बोटाच्या पेरावर त्वचा पांढरी होईपर्यंत दाबायची, 10 सेकंद धरायची, सोडायची आणि मोजायचं. 3 सेकंदांत रंग परतला नाही तर बारीक वाहिन्या अडचणीत आहेत. 2019 च्या एका मोठ्या चाचणीत 424 रुग्णांपैकी निम्म्यांचे उपचार या खुणेवर आणि निम्म्यांचे लॅक्टेटवर (पेशींना प्राणवायू कमी पडला की रक्तात वाढणारा पदार्थ) चालवले. 28 दिवसांतले मृत्यू अनुक्रमे 34.9 आणि 43.4 टक्के. संख्याशास्त्राच्या काठावरच राहिलेला फरक, पण माझी सवय त्याने पक्की झाली. गुडघ्यांवरचं पांघरूणही मी बाजूला करून बघते. तिथे जांभळी जाळी पसरत असेल तर सरासरी दाब 70 असूनही मला चैन पडत नाही.

आज राउंडला विचारा: नॉरअ‍ॅडचा डोस चढतोय की उतरतोय, लघवी किती होतेय, लॅक्टेट खाली येतंय का, इकोत हृदय कसं आकुंचन पावतंय. हृदय कमजोर असेल तर नुसतं आवळून भागत नाही, त्याला बळ देणारं औषध लागतं. आणि दोन्ही हात सारखेच निळे आहेत का ते बघा. एकच हात असेल आणि त्याच मनगटात धमनीत (बीपी मोजण्यासाठी) घातलेली नळी असेल, तर लगेच सिस्टरना दाखवा.

बोटं मोज्यांत किंवा कापसात गुंडाळून उबेत ठेवायला हरकत नाही, पण गरम पाण्याची पिशवी लावू नका; बधिर त्वचा भाजते आणि पेशंटला कळतही नाही. टोकं काळी पडलीच आणि जंतुसंसर्ग नसेल, तर शस्त्रक्रियेची घाई करत नाहीत. जिवंत आणि मृत भागाची रेघ स्पष्ट व्हायला आठवडे लागतात, आणि पहिल्या दिवशी गेलंय असं वाटलेल्या भागातलं बरंच कधीकधी परत येतं.