पाच मॅचवरून टीमचा निकाल लावू नको

प्रिय भाऊ,

परवा रात्री पाठवलेला तुझा लांबलचक मेसेज दोनदा वाचला. तू ज्या पोरांचा कोच आहेस त्यांच्या फुटबॉल टीमच्या ५ मॅच झाल्या, १ जिंकली, १ बरोबरीत सुटली, ३ हरलो, ३ गोल केले अन ९ खाल्ले, म्हणजे यंदाचा सीझन गेलाच, आता स्ट्रायकरला बसवतो, ४-३-३ (४ डिफेन्स, ३ मिडफिल्ड, ३ पुढे) बंद करून ४-४-२ खेळवतो आणि कॅप्टन पण बदलतो असं तू लिहिलं आहेस. भुसावळला हरून आल्यावर त्याच रात्री हे सगळं ठरवलंस. पोरांसाठी तू जीव ओततो हे मी बघतोय, म्हणूनच फोनवर दोन शब्द बोलून मोकळं न होता सविस्तर लिहितोय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसव. फुटबॉलमध्ये गोल फार कमी होतात. क्रिकेटच्या एका मॅचला दोनशे-तीनशे धावा निघतात, त्यात थोडंफार नशीब इकडचं तिकडं झालं तरी शेवटपर्यंत भरून निघतं, आपल्याकडे तसं नाही, जगातल्या मोठमोठ्या लीगमध्ये पण दोन्ही टीम मिळून मॅचला सरासरी तीनच्या आसपासच गोल होतात, म्हणजे कोणाच्या पायाला लागून बॉल वळला किंवा रेफ्रीने एक हँडबॉल दिला की मॅच गेली. ५ मॅचमध्ये असं दोनदा तुझ्या विरोधात झालं की तू टेबलात खाली, दोनदा तुझ्या बाजूने झालं की वर. टीम तीच, पोरं तीच.

आपल्या आयएसएलचंच, म्हणजे इंडियन सुपर लीगचंच बघ, २०२४-२५ चा सीझन. पंजाब एफसीने पहिल्या ३ च्या ३ मॅच जिंकल्या आणि शेवटी १३ टीममध्ये १० वा नंबर आला. त्याच सीझनला मोहन बागान पहिल्या मॅचला मुंबई सिटीविरुद्ध २-० ने पुढे होती आणि मॅच २-२ झाली, तिसऱ्या मॅचला बंगळुरूने त्यांना ३-० ने धुतलं, पण सीझन संपला तेव्हा २४ मॅचमध्ये ५६ पॉइंट, टेबलात पहिलं येण्याची शील्ड पण त्यांची आणि शेवटच्या फायनलचा कप पण त्यांचाच. इंग्लंडच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, प्रीमियर लीगमध्ये, हल सिटीने २००८-०९ ला पहिल्या ९ मॅचमध्ये २० पॉइंट घेतले होते, थेट टॉपच्या टीमच्या बरोबरीला, आणि उरलेल्या २९ मॅचमध्ये मिळाले फक्त १५, एका पॉइंटने खालच्या लीगमध्ये जाता जाता वाचले.

पण तुला खरं सांगायचं आहे ते त्याच लीगमधल्या क्रिस्टल पॅलेसचं. २०१७-१८ ला ही टीम पहिल्या ७ च्या ७ मॅच हरली, आणि त्या सातही मॅचमध्ये एक गोल नाही, एक सुद्धा नाही. चौथ्या मॅचनंतर कोच फ्रँक डी बोअरला काढून टाकलं. ती चौथी मॅच बर्नलीविरुद्ध होती, तिसऱ्याच मिनिटाला आपल्याच माणसाच्या चुकीच्या बॅकपासवर गोल खाल्ला आणि मग उरलेली सगळी मॅच पॅलेसवाले शॉट मारत राहिले, बॉल काही आत जाईना, ०-१. नवीन कोच रॉय हॉजसन आला तरी पुढच्या ३ मॅच हरलेच. मग आठव्या मॅचला चेल्सीला २-१ ने हरवलं, आणि त्या दिवशी काय वेगळं होतं माहितीये का? झाहा परत आला होता. त्यांचा सगळ्यात भारी प्लेअर पहिल्याच मॅचला गुडघ्याला लागून बाहेर बसला होता, तो चेल्सीविरुद्ध आला आणि गोल पण केला. शेवटी ११ वा नंबर, ४४ पॉइंट. कोच बदलल्याचा काहीच फरक पडला नाही असं मी म्हणत नाही, पडला असेल, पण ७ मॅचचा हिशोब लावताना कोण खेळत नव्हतं हे आधी बघायला पाहिजे होतं एवढंच माझं म्हणणं.

आता तुझ्या ५ मॅच एकेक घेऊ, तू पाठवलेले व्हिडिओ मी पूर्ण बघितलेत.

पहिली जळगावला, ०-१. आदल्या रात्रीपासून पाऊस आणि आपली काळी माती, तुला माहितीच आहे ती कशी होते. तुझा लेफ्ट विंगवाला बॉल पुढे ढकलतो आणि बॉल दोन फुटांवर जाऊन रुतून बसतो, पोरगा त्याच्या पुढे निघून जातो. बुटांना एवढे चिखलाचे गोळे की थ्रो मिळाला की पोरं काडीने स्टड खरवडत बसलेली दिसतात. अशा ग्राउंडवर तू मागून छोटे छोटे पास देत निघायला सांगितलं होतं. त्या मॅचवरून मिडफिल्डला पास देता येत नाही असं तू लिहिलंस ते चुकीचं आहे, त्या दिवशी कोणालाच देता आला नसता. चिखलात बॉल उचलून मारायचा, उसळून सुटलेल्या बॉलवर तुटून पडायचं आणि सुकलं की आपला खेळ खेळायचा, हे पोरांना शिकव, पण त्यांच्या खेळाचं माप त्या मॅचवर काढू नको.

दुसरी चोपड्याविरुद्ध, २-१, एकुलती एक जिंकलेली. या मॅचबद्दल तू मेसेजमध्ये एक ओळ लिहिलीस, 'इथं मस्त खेळलो'. नाही रे. एक त्यांचा सेल्फ गोल, एक पेनल्टी. त्यांनी तुमच्या बॉक्समध्ये, गोलसमोरच्या चौकटीत, घुसून ९ शॉट मारले, दोनदा पोलला लागला, तुम्ही बॉक्समधून मारले ३. माझ्या मते ५ मॅचमधली सगळ्यात वाईट मॅच हीच होती आणि हिच्यावर आपण एक शब्द बोललो नाही, कारण जिंकलो. हरलेल्या मॅचची जेवढी चिरफाड करतो तेवढीच जिंकलेल्या मॅचची करायची, ही सवय आत्ताच लावून घे.

तिसरी धुळ्याला, ०-४. तो श्रावणातल्या कानबाई देवीच्या सणाचा रविवार होता भो! घरी कानबाई बसली, रोट केलेत, तर घरचं माणूस घरीच पाहिजे, आपल्या खान्देशात हे कोणाला समजवायची गरज नाही. तुझे दोन्ही स्टॉपर, डिफेन्सच्या मधले दोघं, नव्हते, एका विंगरला तू स्टॉपर खेळवलं. ते ४ गोल डिफेन्सच्या नावावर लिहूच नको. पुढच्या वर्षी फिक्स्चर निघाले की कानबाई, पोळा, गणपती विसर्जन सगळं कॅलेंडरवर बघून आयोजकांशी आधी बोलून ठेव, हे काम कोचचंच आहे.

चौथी अमळनेरला १-१ आणि पाचवी भुसावळला ०-२, आणि खरा माल या दोन मॅचमध्ये आहे. अमळनेरचा गोल ७८ व्या मिनिटाला, भुसावळचे ७४ आणि ८१ ला. धुळ्याचे ४ बाजूला ठेव, उरले ५ गोल, त्यातले ३ सत्तर मिनिटांनंतर. भुसावळच्या मॅचला पहिल्या तासात तुम्ही त्यांच्या बरोबरीला होता, उलट थोडे वरच, आणि भुसावळला रेल्वेमुळे फुटबॉल किती जुना आहे, तिथली पोरं लहानपणापासून ग्राउंडवर असतात, त्यांच्यासमोर एक तास असं खेळणं साधं नाही. मग व्हिडिओत ६५ मिनिटांनंतर नीट बघ, बॉल गेला की तुझी तिन्ही मिडफिल्डची पोरं कमरेवर हात ठेवून चालतायत. डिफेन्स आणि मिडफिल्डमध्ये एवढी मोकळी जागा की ट्रॅक्टर निघून जाईल. याला तू फॉर्मेशनचा प्रॉब्लेम म्हणतो, पण हा दमाचा प्रॉब्लेम आहे.

आणि दम का नाही हे पण उघड आहे. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे ४४-४५ डिग्री, सकाळी आठनंतर ग्राउंडवर पाय ठेववत नाही, जून उजाडला की अर्धी पोरं पेरणीला. शहरातल्या क्लबला सीझनआधी दीड-दोन महिने तयारी मिळते, तुझ्या पोरांना दोन आठवडे पण धड मिळाले नाहीत. म्हणजे ती आत्ता, मॅच खेळता खेळताच तयार होतायत. यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, सप्टेंबरमध्ये ती वेगळी दिसतील, फक्त तोपर्यंत तू त्यांना सांभाळून घ्यायला पाहिजे. मॅचच्या आदल्या दिवशी ग्राउंडला राउंड मारायला लावणं बंद कर. आठवड्याच्या मधे बॉल घेऊन छोट्या जागेत ४ विरुद्ध ४, तीन-तीन मिनिटं जोरात, मधे आराम, असं घे. बदली प्लेअर ८५ व्या मिनिटाला उतरवतोस तो ६० ते ६५ च्या मधे उतरव. आणि पोरं सकाळी सहाच्या एसटीने उपाशी येतात, त्यांना मॅचच्या दोन-अडीच तास आधी काहीतरी पोटात घालायला लाव, हाफटाइमला केळी आणि मीठ-साखरेचं पाणी ठेव. केळी तर आपल्या जिल्ह्याइतकी कुठे मिळत नाहीत.

कपाशी उगवून आली की तुझे वडील शेतात फेरी मारतात ते यंदा किती क्विंटल निघेल हे बघायला नाही, कुठे बी उगवलं नाही हे बघायला, आणि वेळेत नांग्या, म्हणजे त्या रिकाम्या जागा, भरून घेतात. सीझनच्या सुरुवातीला कोचने पण एवढंच बघायचं असतं. कितवा नंबर येईल हे आज कोणालाच सांगता येणार नाही, पण कुठे खाली पडलंय ते आज दिसतं आणि आजच भरता येतं.

ते कसं बघायचं तर एक वही कर. प्रत्येक मॅचला एका पानावर ग्राउंड काढ, जिथून शॉट मारला तिथे खूण, आपल्या शॉटला वर्तुळ, त्यांच्या शॉटला फुली, बाजूला मिनिट. त्याखाली, त्यांचा शॉट आला तेव्हा आधी आपला बॉल कुठे आणि कोणाकडून गेला ते लिही. गोल ५ मॅचमध्ये १२ झाले, पण शॉट शंभराच्या वर असतील, त्यामुळे शॉट तुला लवकर खरं सांगतात. सगळे शॉट सारखे नसतात हे पण लक्षात ठेव, १०० पेनल्टी मारल्या तर साधारण ७५-८० आत जातात, तेच बॉक्सच्या बाहेरून लांबून मारलेले शंभरात मोजकेच. म्हणून 'आम्ही १५ शॉट मारले' याला अर्थ नाही, कुठून मारले ते बघ. तुमची लीग १४ मॅचची आहे, १० मॅच थांब असं मी म्हणूच शकत नाही, तेवढा वेळ तुझ्याकडे नाही, म्हणून तर वही पाहिजे.

मी भुसावळची मॅच अशी लिहून बघितली तर त्यांच्या बॉक्समधल्या शॉटपैकी निम्म्याहून जास्त तुझ्या डाव्या बाजूने आले. तुझा लेफ्ट बॅक वर जातो, जाऊ दे, चांगला जातो, पण तो गेला की त्याच्या जागेवर कोणीच येत नाही. सहा नंबरला, डिफेन्सच्या पुढे खेळणाऱ्या मिडफिल्डरला, सांग की डावीकडे सरकून थांबायचं. कॉर्नरला पण बघ, दूरच्या पोलजवळचा त्यांचा माणूस तीन मॅचमध्ये मोकळा आहे, त्याला कोण धरणार हे ठरलेलंच दिसत नाही. या अशा गोष्टी लवकर कळतात आणि त्या नशिबाच्या नसतात, त्यावर दोन प्रॅक्टिस घातल्या की फरक दिसतो.

आता स्ट्रायकर. ५ मॅचमध्ये त्याने बॉक्समधून ६ शॉट मारलेत, दोन कीपरने भारी अडवले, एक बारला लागला. सगळीकडचा ढोबळ हिशोब १० शॉटमागे १ गोल असा आहे, मग ६ मध्ये एक पण नाही गेला यात आभाळ कोसळलं का? मी बघतो ते हे की तो तिथे पोचतोय का, आणि तो पोचतोय, चिखलात पोचला, भुसावळच्या उंच स्टॉपरसमोर पोचला. ज्या दिवशी त्याला मॅचभर एकही शॉट मिळणार नाही त्या दिवशी मला फोन कर. आत्ता त्याला बसवलंस तर १८ वर्षांचं पोरगं आहे, ते घरी जाऊन असंच समजेल की मला येतच नाही, आणि मग खरंच येणार नाही. अशी चांगली चांगली पोरं सीझनच्या पहिल्या महिन्यात सोडून गेलेली मी बघितलीत आणि त्याचं मला फार वाईट वाटतं, म्हणून एवढं लिहितोय.

फॉर्मेशन, कॅप्टन, स्ट्रायकर तिन्ही एकदम बदलू नको, उद्या जिंकलास तरी कशामुळे जिंकलास ते कळणार नाही आणि हरलास तर अजून गोंधळ. एका वेळी एकच, ते पण दोन-तीन मॅच ठेवून बघायचं. आणि हो, ग्रुपवर पॉइंट टेबलचा फोटो टाकणं थांबव. पोरांना सगळं पाठ असतं, तू टाकला की त्यांना वाटतं सर आपल्यावर नाराज आहेत.

रविवारी नंदुरबार आहे. त्याच्या आधी संध्याकाळी एकदा स्ट्रायकरच्या घरी जाऊन ये, त्याला बसवणार ही गोष्ट इकडून तिकडून त्याच्या कानावर गेलीच असेल, तू स्वतः सांग की तूच खेळणार आहेस. मॅच झाली की वहीच्या पानाचा फोटो पाठव, ६० ते ९० मिनिटांतलं सगळं नीट लिही, डाव्या बाजूच्या फुल्या कमी झाल्या का ते आपण आधी बघू, मग स्कोरवर बोलू.

तुझा,
काका