यकृतातली पांढरी गाठ

प्रश्न : पोट दुखतं म्हणून पत्नीची (वय ४२) सोनोग्राफी केली. यकृताच्या उजव्या भागात २.१ सेंमी.ची ‘हायपरएकोइक’ (पडद्यावर पांढरी दिसणारी) गाठ आहे, ‘हिमँजिओमा असावा’, असं रिपोर्ट म्हणतो. हिमँजिओमा म्हणजे रक्तवाहिन्यांची गाठ ना? मग डॉपलरमध्ये (वाहतं रक्त रंगात दाखवणारी सोनोग्राफी) रक्तप्रवाह का दिसला नाही? आता सीटी करायचा की सुईनं तुकडा काढायचा? – एक वाचक, सांगली

उत्तर : सुईची घाई अजिबात नको. ही गाठ म्हणजे रक्तानं भरलेल्या बारीक पोकळ्यांचा पुंजका, टोचली तर रक्तस्राव होऊ शकतो. पोकळ्यांच्या असंख्य भिंतींवरून ध्वनिलहरी परततात म्हणून ती पडद्यावर पांढरी दिसते. आतलं रक्त इतकं संथ सरकतं की डॉपलरला ते पकडताच येत नाही. रंग न दिसणं इथे नेहमीचंच आहे.

रिपोर्ट पुन्हा वाचा. कडा स्पष्ट आहेत का? गाठ आतून एकसारखी पांढरी आहे का? तिच्या मागचा भाग उजळ दिसतो का? भोवती काळी कड नाही ना? हे सगळं जुळत असेल, गाठ ३ सेंमी.पेक्षा लहान असेल आणि यकृत निरोगी असेल, तर निदानाला सोनोग्राफी पुरते.

‘यकृत निरोगी’ ही अट मात्र सर्वांत महत्त्वाची. हिपॅटायटिस बी किंवा सी, सिरॉसिस (यकृत निबर होणं) किंवा पूर्वी कुठलाही कॅन्सर झालेला असेल, तर तशाच पांढऱ्या ठिपक्यावर विसंबून राहता येत नाही. यकृताचा छोटा कॅन्सर किंवा मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची पसरलेली गाठही पांढरी दिसू शकते. सोनोग्राफी करणाऱ्याला हा इतिहास सांगायचा बहुतेकांकडून राहूनच जातो. तो आधी सांगा, जुने रिपोर्ट सोबत न्या आणि सहा ते आठ तास उपाशी जा.

फॅटी लिव्हर असेल तर गणित उलटतं. आजूबाजूचं यकृतच पांढरं असल्यानं हिमँजिओमा काळा दिसतो. शिवाय पित्ताशयाजवळ चरबी न साठलेला तुकडा गाठीसारखा भासतो. तो सहसा गोल नसतो आणि रक्तवाहिन्या त्यातून न वाकता सरळ जातात.

शंका उरलीच तर कॉन्ट्रास्ट सोनोग्राफी, सीटी किंवा एमआरआय. कॉन्ट्रास्ट सोनोग्राफीत शिरेतून वायूचे सूक्ष्म बुडबुडे सोडतात. वायू श्वासावाटे बाहेर पडतो, त्यामुळे किडनीवर ताण येत नाही. हिमँजिओमा आधी कडेला ठिपक्याठिपक्यांनी उजळतो, मग आत भरत जातो आणि चार-पाच मिनिटांनीही उजळ राहतो. उलट, मध्यापासून चाकाच्या आऱ्यांसारखी बाहेर उजळणारी गाठ बहुधा फोकल नोड्युलर हायपरप्लेसिया, तीही निरुपद्रवी. उजळून पुन्हा काळी पडणारी गाठ मात्र तज्ज्ञाला दाखवायलाच हवी.

आणि पोटदुखी? एवढ्या लहान हिमँजिओमानं ती सहसा होत नाही. पित्ताचे खडे, आम्लपित्त अशी दुसरी कारणं शोधा.

प्रश्न : अशी गाठ असताना गर्भनिरोधक गोळ्या चालतात का? – एक वाचक, पणजी

उत्तर : हिमँजिओमा असेल तर चालतात. ॲडिनोमा (यकृताच्याच पेशींची, कॅन्सर नसलेली गाठ) असेल तर बंदच. ५ सेंमी.हून मोठा ॲडिनोमा फुटून रक्तस्राव होण्याचा धोका असतो. पुरुषांमध्ये ॲडिनोमा लहान असला तरी काढण्याचा सल्ला देतात, कारण त्यांच्यात तो कॅन्सरमध्ये बदलण्याची शक्यता जास्त असते.