आधी जनरल रजिस्टर उघड

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

स्मरणिकेसाठी शाळेचा इतिहास लिहायचं काम तुझ्याकडे आलं, हे ऐकून फार बरं वाटलं. तू पाठवलेला आराखडा वाचला. संस्थापक, अध्यक्षांची यादी, इमारतीचे टप्पे, दहावीचे निकाल. हे सगळं लागेलच, आणि संस्थेच्या इतिवृत्तांत ते आयतं मिळेल. पण सुरुवात तिथून करू नकोस. आधी ऑफिसातून जनरल रजिस्टरचे, म्हणजे शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाच्या नोंदवहीचे, जुने खंड मागून घे आणि शांतपणे पानं उलट.

असं का म्हणतो ते सांगतो. नाशिकला निवासी शाळांची परंपरा मोठी. मुंबईहून 1925 मध्ये देवळालीला आलेलं बार्न्स स्कूल, डॉ. मुंजे यांनी 1937 मध्ये काढलेलं भोसला मिलिटरी स्कूल. खेड्यातल्या बहुजन मुलांना शहरात राहून शिकता यावं म्हणून उदोजी मराठा बोर्डिंग उभं राहिलं, 1914 पासूनच्या मराठा विद्या प्रसारक समाजाच्या कामाशी ते जोडलेलं. या संस्थांचा इतिहास त्यांच्या आवारात सापडतो, कारण मुलं तिथंच जेवली, झोपली, वाढली. आपल्या शाळेला वसतिगृह कधीच नव्हतं. घंटा झाली की पोरं घरी. म्हणजे शाळेचा निम्मा इतिहास पंचवटीतल्या वाड्यांत, भद्रकालीच्या गल्ल्यांत आणि सातपूरच्या कामगार वसाहतींत आहे. नुसत्या इमारतीचा इतिहास लिहिलास तर तो अर्धाच होईल.

रजिस्टर आणि प्रवेश अर्ज शेजारी ठेवून वाच. आधी पत्ते जवळपासचेच दिसतील, रविवार कारंजा, सराफ बाजार. वडिलांच्या धंद्याच्या रकान्यात भिक्षुकी, दुकान, कारकुनी. मग कुठं कुठं ‘प्रेस’ एवढाच शब्द येईल. नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेससाठी आपल्याकडे तेवढं पुरतं. साठच्या दशकात सातपूरला एमआयडीसी आली, ओझरला विमानाचा कारखाना आला, त्यापुढच्या पानांवर फिटर, टर्नर, मशिनिस्ट वाचायला मिळतील. पुढं सिडकोचे पत्ते. शहर कसं वाढलं ते त्या एका रकान्यात दिसतं, वेगळं पुस्तक लागत नाही.

आता शेवटचे रकाने. वर्तणूक, प्रगती, शाळा सोडल्याचं कारण. मुलांच्या पुढं बहुधा ‘वडिलांची बदली’ किंवा ‘उत्तीर्ण’. मुलींच्या ओळी मात्र सावकाश वाच. इयत्ता सातवी किंवा आठवी, प्रगती चांगली, वर्तणूक चांगली, कारण ‘पालकांच्या इच्छेनुसार’. महिना पाहिलास तर लग्नसराईचा. त्यातल्या काही माझ्या वर्गात होत्या. एक तर बीजगणिताचं उत्तर मी फळ्यावर समीकरण पुरतं लिहायच्या आत सांगायची. तिच्या ओळीतही तेच दोन शब्द आहेत. स्मरणिकेत निकालाची टक्केवारी जरूर छाप, पण ज्या परीक्षेपर्यंत पोचल्याच नाहीत त्यांच्यासाठी एक पान राख. शक्य असेल तर त्यांना भेट. आज त्या आज्या झाल्या असतील. नाव छापण्याआधी मात्र त्यांना विचार.

पैशाबद्दल लिहायला संकोचू नकोस. खासगी शाळांना सरकारी अनुदान देण्याची पद्धत 1854 च्या वुडच्या खलित्यापासूनची. 1882 च्या हंटर आयोगानं माध्यमिक शिक्षणात खासगी प्रयत्नांवर आणखी भर दिला. जोतीराव फुल्यांनी मात्र त्याच आयोगापुढं प्राथमिक शिक्षणाकडे सरकारनं दुर्लक्ष केल्याचं ठणकावून मांडलं होतं. आपली शाळा अनुदानाविना चालली. मान्यता शिक्षण खात्याची, अभ्यासक्रम आणि परीक्षा बोर्डाची, खर्च आपला. हा भार कुणी उचलला? देणगीदारांच्या पाट्या भिंतीवर आहेतच. एचपीटी कॉलेज म्हणताना हंसराज प्रागजी ठाकरसी, बीवायके कॉलेज म्हणताना सिन्नरचे भिकुसा यमासा क्षत्रिय कुणाला आठवत नाहीत, तरी नावं निदान उरली. कमी पगारावर वर्षानुवर्षं शिकवणाऱ्या बाईंची पाटी कुठंच नाही. जुन्या पगारपत्रकांवर त्यांच्या सह्या आहेत, तिथं त्यांना शोध. 1977 चा खासगी शाळा कर्मचाऱ्यांचा कायदा आला, त्यानं सेवाशर्ती बांधून दिल्या. प्रत्यक्षात काय पदरात पडलं ते निवृत्त शिक्षकांनाच विचार. शाळेच्या स्वातंत्र्याची किंमत त्यांनी मोजली आहे. हे स्मरणिकेत आलं नाही तर मला वाईट वाटेल.

पंचवीस टक्के प्रवेशाचं प्रकरणही टाळू नकोस. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं विनाअनुदानित शाळांत पंचवीस टक्के राखीव जागांवर गरीब आणि वंचित घरांतली मुलं आली, आणि माझ्या मते आपली शाळा त्यामुळं चांगली झाली. राज्य सरकारनं 2024 मध्ये या तरतुदीला फाटा देणारा नियम केला, उच्च न्यायालयानं तो त्याच वर्षी रद्द केला. या मुलांच्या आयांना बोलतं कर. सहलीची वर्गणी आली की घरात काय बोलणं होतं, गणवेश कुठून येतो, हे त्या सांगतील.

आणखी एक, सूचनावही. शिपाई वर्गावर्गात फिरवायचा आणि शिक्षक खाली सही करायचे ती वही. गोदेचा 1969 चा आणि 2008 चा पूर, 2003 आणि 2015 चा सिंहस्थ, 1975 साली जुनी अकरावीची मॅट्रिक जाऊन आलेली दहावी, अशा दिवसांत शाळेनं मुलांना नेमकं काय सांगितलं, ते त्या वहीत दोन ओळींत असतं. भाषणांपेक्षा मला त्या ओळी जास्त खऱ्या वाटतात. वही अडगळीच्या खोलीत असेल. शिपाईमामांना घेऊन जा, कपाटं त्यांना ठाऊक आहेत. त्यांचीही मुलाखत घेच. पहाटे कुलूप काढणारा आणि शेवटच्या रिक्षापर्यंत फाटकाशी थांबणारा माणूस तोच.

फोटो काढताना वह्या दुमडू नकोस, कागद ठिसूळ झालाय. फार जुन्या जमाखर्चात मोडी आढळली तर पानं घेऊन माझ्याकडे ये, मी वाचून देईन. सकाळी आलीस तर बरं, दुपारनंतर डोळे साथ देत नाहीत.

तुझे,
सर