वाचकांचे प्रश्न : पहाटेच्या आकाशात मृग परतला की…

या वेळी आलेल्या पत्रांतले बरेचसे प्रश्न एकाच गोष्टीबद्दल आहेत. पावसाळ्यात नाहीसा झालेला ओळखीचा मृग पहाटे पुन्हा कधी, कुठे आणि कसा बघायचा? म्हणून पूर्ण सदर त्यालाच दिलं आहे. वेळा पुण्याच्या आहेत. मुंबई-कोकणात त्यात चारेक मिनिटं मिळवा, नागपूर-चंद्रपूरकडे वीसेक मिनिटं वजा करा.

प्रश्न : दरवर्षी ७-८ जूनला मृग लागतो आणि आमच्या पेरण्या त्यावर ठरतात. पण जूनमध्ये रात्रभर शोधूनही मृग आकाशात सापडत नाही. पंचांग चुकतं का? (एक शेतकरी वाचक, सातारा)

पंचांग अगदी बरोबर आहे. ‘मृग लागला’ म्हणजे सूर्य मृग नक्षत्रात आला. सूर्य ज्या नक्षत्रात असतो ते त्याच्याबरोबरच उगवतं, त्याच्याबरोबरच मावळतं आणि दिवसभर उजेडात बुडून राहतं. म्हणजे मृग लागतो तेव्हाच तो दिसत नाही. आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य या पुढच्या पावसाच्या नक्षत्रांचंही तसंच. सूर्य एकेका नक्षत्रात तेरा-चौदा दिवस मुक्काम करतो आणि तेवढ्या काळात त्या भागातले तारे आपल्याला पारखे होतात.

मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत मृग संध्याकाळी पश्चिमेला टेकलेला दिसतो, मग संधिप्रकाशात हरवतो. पुढे जवळजवळ दोन महिने तो नसतो. प्रत्येक तारा रोज सुमारे चार मिनिटं लवकर उगवतो, पंधरवड्यात एक तास, महिन्यात दोन तास. त्यामुळे एक दिवस असा येतो की तारा सूर्याच्या पुरेसा आधी उगवतो आणि उजाडण्यापूर्वी काही मिनिटं पूर्वेला दिसून जातो. हे परतणं ठरलेल्या क्रमाने होतं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात कृत्तिका, त्यानंतर आठ-दहा दिवसांनी रोहिणी, जुलैच्या मध्याला मृग, जुलै संपता संपता व्याध आणि ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात अगस्त्य. ढग नसते तर हा सगळा सोहळा दरवर्षी पहिल्या दिवसापासून बघता आला असता.

जाता जाता एक खुलासा. पंचांगातलं मृगशीर्ष म्हणजे नेमकेपणाने मृगाच्या डोक्याकडचे तीन मंद तारे. बोलताना मात्र आपण चार ठळक ताऱ्यांचा चौकोन आणि त्यातला तीन ताऱ्यांचा बाण मिळून सगळ्यालाच मृग म्हणतो. इथेही तोच अर्थ घेतला आहे.

प्रश्न : हिवाळ्यात डोक्यावर आलेला मृग मला ओळखता येतो. पहाटे उगवताना मात्र ओळख पटत नाही. नेमकं काय आणि कधी बघू? (एक विद्यार्थिनी, बारामती)

ओळख पटत नाही, कारण उगवताना तो कुशीवर आडवा असतो. आपण महाराष्ट्रात १६ ते २२ अक्षांशांत राहतो, ध्रुवतारा उत्तरेला तेवढाच वर असतो. त्यामुळे पूर्वेकडे तोंड करून उभं राहिलं की आकाशाची उत्तर बाजू डावीकडे पडलेली दिसते. मृगाचं डोकं डावीकडे आणि पाय उजवीकडे येतात. डाव्या बाजूचा तांबूस तारा काक्षी, उजवीकडचा निळसर-पांढरा राजन्य. त्यांच्या मधोमध बाणाचे तीन तारे एकाखाली एक, जवळपास उभ्या ओळीत असतात. हिवाळ्यातली तिरपी रेघ मनात धरून शोधलंत तर नजर त्यांच्यावरून निघून जाईल. उभी रेघ शोधा. पूर्वेला खाली, सारख्या अंतरावर, सारख्या तेजाचे तीन तारे उभे असलेली दुसरी जागाच आकाशात नाही.

पहिल्या भेटीसाठी १५ ऑगस्ट ही तारीख सोयीची आहे. झेंडावंदनासाठी घर लवकर उठणारच असतं. पहाटे साडेचारला गच्चीवर जा आणि दिवे बंद करून पंधरा-वीस मिनिटं बसा. डोळ्यांना अंधाराची नीट सवय व्हायला एवढा वेळ लागतो. मोबाइलचा पडदा एकदा जरी उघडला, तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. उजेड लागणारच असेल तर टॉर्चवर लाल जिलेटीन कागदाचे दोन-तीन पदर रबराने बांधा.

बघायला वरून सुरुवात करा, क्षितिजापासून नको. पाच वाजता पूर्वेकडे बरंच वर, डोक्याच्या जरा अलीकडे, लहानसा झुपका दिसेल. त्या कृत्तिका. तिथून दीड मूठ खाली केशरी रोहिणी. (हात ताठ लांब धरला की मुठीची रुंदी सुमारे १० अंश भरते आणि ताणलेली वीत सुमारे २०.) रोहिणीपासून आणखी एक वीत आणि वर थोडं खाली-उजवीकडे उतरलं की बाणाचे तीन तारे येतात. तिन्ही मिळून दोन बोटांआड झाकले जातात. क्षितिजापासून ते तेव्हा तीन मुठी वर असतात. तीच रेघ खाली तेवढीच वाढवली की एक मूठ उंचीवर व्याध. बाण व्याधाने मारलेला आहे, म्हणून त्याची रेघ व्याधाकडेच जाते, हे लक्षात ठेवलं की दिशा चुकत नाही.

ढगांमुळे पहिला प्रयत्न वाया जाईल, दुसराही जाईल. ऑगस्टात ढगांची फट दहा-पंधरा मिनिटं टिकते, त्यामुळे ‘एकदा डोकावून बघतो’ याचा उपयोग नाही. अर्धा तास बसायची तयारी हवी. त्या अर्ध्या तासात ढग सरकतो, आधी राजन्य एकटा दिसतो, मग त्याच्या डावीकडे एक, दोन, तीन, आणि दोन महिने न दिसलेला पूर्ण चेहरा समोर उभा राहतो. नवा तारा शोधण्यापेक्षा हा ओळखीचा चेहरा पुन्हा भेटण्याचा आनंद निराळा आहे, आणि त्यासाठी दुर्बीण लागत नाही.

सप्टेंबर उजाडला की घाई नाही. १ सप्टेंबरला बाण रात्री दीडच्या सुमारास उगवतो, पहाटे पाचला मृग जवळपास पाच मुठी वर आलेला असतो.

प्रश्न : तुम्ही दिलेल्या वेळेपेक्षा आमच्याकडे तारे अर्धा तास उशिरा दिसतात. असं का? (चिपळूण)

तुमच्या पूर्वेला सह्याद्री आहे. दिलेली उगवण्याची वेळ सपाट क्षितिजाची असते. आपल्या अक्षांशावर पूर्वेचा तारा एक अंश वर चढायला सव्वाचार मिनिटं घेतो. डोंगराची कड सात अंश उंच असेल तर तारा तिच्यावर यायला अर्धा तास लागणारच. घरातून डोंगर किती मुठी किंवा बोटं उंच दिसतो ते एकदा दिवसा मोजून ठेवा (एक बोट साधारण दीड-दोन अंश) आणि दर अंशाला सव्वाचार या हिशेबाने मिनिटं कायमची मिळवा. पहिल्या दर्शनाची तारीखही त्याच हिशेबाने आठवडाभर पुढे जाते.

उलट, सपाट क्षितिज असलेल्यांना एक फायदा आहे. बाणाचा सगळ्यात वरचा तारा जवळजवळ विषुववृत्ताच्या डोक्यावर आहे, म्हणून तो अगदी ठीक पूर्वेला उगवतो. तो जिथे टेकलेला दिसेल ती तुमच्या गच्चीची खरी पूर्व. मोबाइलमधलं होकायंत्र लोखंडी कठड्याजवळ फसतं, हा तारा फसवत नाही.

प्रश्न : पहाटे पूर्वेला खाली एक दिवा लाल, हिरवा, निळा असा भराभर रंग बदलतो. तो विमान नाही, कारण जागेवरच आहे. काय असेल? (परभणी)

व्याध. रात्रीच्या आकाशातला हा सर्वांत तेजस्वी तारा, प्रत (तेजाचं माप, आकडा जितका लहान तितका तारा तेजस्वी) −१.४६, अंतर ८.६ प्रकाशवर्षे. तो पांढराच आहे, रंग आपल्या हवेचे. क्षितिजापासून दहा अंशांवर असताना त्याचा प्रकाश डोक्यावरच्या मानाने साडेपाच पट जाड हवेतून येतो. हवेचे थंड-गरम थर प्रत्येक रंग निरनिराळा वळवतात आणि थर हलते असल्याने क्षणाक्षणाला वेगळा रंग डोळ्यांत शिरतो. तासाभराने तो दोन मुठी वर आला की रंग जवळपास थांबतात.

शेजारी त्याहूनही तेजस्वी, पण न लुकलुकणारा दिवा असेल तर तो बहुधा शुक्र, कधी गुरू. ग्रह रोहिणी-पुनर्वसूच्या वाटेने जातात, मृगाच्या चौकोनात शिरत नाहीत. म्हणून चौकोन एकदा ओळखला की त्यात उपरा कोणी नसतो.

प्रश्न : तारे बघायला अमावास्याच हवी का? अमावास्येला नेमकं जमत नाही. (सोलापूर)

नको. संध्याकाळच्या आकाशाचा नियम लोक पहाटेला लावतात, पण तो उलटा आहे. वद्य पक्षात चंद्र उशिरा उगवतो आणि पहाटे आकाशातच असतो. शुद्ध पक्षात तो आधी मावळलेला असतो. म्हणून पहाटेसाठी शुद्ध प्रतिपदा ते एकादशी हे दिवस उत्तम, द्वादशीनंतर चंद्र मावळायला पहाट होऊ लागते. वद्य त्रयोदशी-चतुर्दशीची कोर फार त्रास देत नाही. नवरात्राच्या नऊही पहाटा चंद्राविना असतात, पाऊसही बहुधा ओसरत आलेला असतो. वर्षातला यापेक्षा चांगला आठवडा आम्हाला सांगता येणार नाही.

प्रश्न : ७×५० दुर्बीण घेतली आहे. गच्चीवर नेली की पाच मिनिटांत काचा धुकटतात. पुसल्या की पुन्हा तेच. (ठाणे)

एसी चालू असलेल्या खोलीतून दुर्बीण थेट बाहेर नेत असाल, तर थंड काचेवर दमट हवेतली वाफ बसते. बाहेर जाण्यापूर्वी अर्धा तास ती पिशवीत बंद ठेवूनच गच्चीवर ठेवा, काच हवेइतकी गरम झाली की वाफ बसत नाही. एसी नसूनही तासाभराने धुकटत असेल तर ते दव. उघडी काच आकाशाकडे उष्णता सोडते आणि हवेपेक्षा थंड होते. बघणं थांबवलं की लगेच टोप्या लावा, दुर्बीण खाली तोंड करून गळ्यात किंवा टॉवेलखाली ठेवा. डोळ्याकडच्या काचांवर बसतो तो तुमचा श्वास, तेवढ्यासाठी तोंडावर रुमाल पुरे. काच पुसू नका. धूळ घासली जाऊन वरचा लेप कायमचा ओरखडतो. पंख्याखाली आपोआप वाळू द्या.

दुर्बीण कोरडी राहिली की बाणाच्या उजवीकडे जरासं बघा. तीन मंद ताऱ्यांची आणखी एक छोटी ओळ आहे, तिच्यातला मधला तारा धुरकट दिसतो. तो एकटा तारा नाही. तो सुमारे १,३०० प्रकाशवर्षे दूर असलेला, नवे तारे जन्माला घालणारा वायूचा ढग आहे.

प्रश्न : काक्षीचं तेज कमी-जास्त होतं हे नुसत्या डोळ्यांनी कळतं का? (कोल्हापूर)

कळतं, पण चेहरा पाठ असेल तर. २०१९च्या अखेरीपासून फेब्रुवारी २०२० पर्यंत काक्षी इतकी मंदावली, की चौकोनातल्या तिच्या वरच्या शेजाऱ्याएवढीच दिसू लागली. एरवी ती त्याच्या जवळपास तिप्पट तेजस्वी असते. ताऱ्याने बाहेर टाकलेल्या द्रव्याची धूळ होऊन प्रकाश अडला होता. तुलना करायची ती रोहिणीशी, कारण दोन्ही तांबूस आहेत. मात्र दोन्ही तीन मुठींच्या वर आल्यावरच. खाली असलेला तारा हवेमुळे मंद दिसतोच.

प्रश्न : लहानपणी गावी आजी पहाटे अगस्त्य दाखवायची. इथे न्यू जर्सीत कितीदा शोधला, सापडत नाही.

सापडणार नाही. अगस्त्य इतका दक्षिणेला आहे की ३७ अक्षांशाच्या उत्तरेला तो उगवतच नाही, आणि न्यू जर्सी ४० अक्षांशावर आहे. ह्यूस्टनकडे जाणं झालं तर हिवाळ्यात ठीक दक्षिणेला, क्षितिजापासून पाऊण मूठ वर शोधा.

प्रश्न : सप्टेंबरात उजाडायच्या खूप आधी पूर्वेला फिकट उजेड दिसतो आणि मग पुन्हा काळोख वाटतो. तो गावाचा उजेड का? (वाई)

गावाचा उजेड क्षितिजालगत पसरट असतो. तुम्ही पाहिलेला त्रिकोणी, वर निमुळता होत जाणारा आणि सूर्योदयाच्या दीड तास आधीचा असेल, तर ती खोटी पहाट. ग्रहांच्या कक्षांच्या पातळीत पसरलेल्या बारीक धुळीवर सूर्यप्रकाश पडून तो दिसतो. खरा संधिप्रकाश आपल्याकडे त्या सुमारास सूर्योदयाच्या सव्वा तास आधी सुरू होतो.

प्रश्न : मुलांना पहाटे उठवून काहीतरी दाखवायचं आहे. रोज उठणं शक्य नाही, एकच दिवस सांगा. (नाशिक)

नरक चतुर्दशी. अभ्यंगस्नानाला उठवताच, पाणी तापेपर्यंत गच्चीवर घेऊन जा. ऑक्टोबरच्या अखेरीस दिवाळी असेल तर पाच वाजता दक्षिणेकडे तोंड करा. समोर साडेपाच मुठी वर व्याध, त्याच्या सरळ खाली दोन मुठींपेक्षा जरा कमी उंचीवर अगस्त्य. रात्रीच्या आकाशातले सर्वांत तेजस्वी दोन तारे त्या वेळी एकाखाली एक असतात. नोव्हेंबरातली दिवाळी असेल तर दोघेही थोडे उजवीकडे सरकलेले असतील, मग साडेचारला बघा. मृग व्याधाच्या वर-उजवीकडे असेल. फटाके सुरू होण्याआधी जा, धुराने आधी अगस्त्य जातो.