कास बघून रात्री जागवू नको

प्रश्न : आक्का, नमस्कार. आमचं गाव चिकोडी तालुक्यात. घरात म्हशी पहिल्यापासून आहेत, गाय मात्र पहिल्यांदाच. एच. एफ. क्रॉसची (होल्स्टीन संकरित) कालवड आहे, पहिलारू, म्हणजे पहिल्यांदाच व्यायची. 4 जुलैला गाभण राहायला भरवली होती. गेल्या पंधरा दिवसांत तिची कास एकदम भरली. शेजारच्या मावशी म्हणतात, "कास टाकलीया, आठ दिवसांत व्याती बघ." आज 12 मार्च. मी आणि माझी जाऊ आळीपाळीनं चार रात्री जागलो. व्यायला झाली हे नक्की कशावरून ओळखायचं? आणि डॉक्टरांना कधी बोलवायचं?
— एक सून, चिकोडी तालुका

उत्तर : पोरी, आधी आज रात्री झोप. तुझी कालवड एवढ्यात व्यायची नाही.

4 जुलैपासून 280 दिवस मोजले की 10 एप्रिल येतो. आपल्याकडची जुनी माणसं गाईला नऊ महिने नऊ दिवस म्हणतात, तेही साधारण तिथंच जातं. एच. एफ. क्रॉस दोनचार दिवस अलीकडे व्याली तरी चालतं, खिलार किंवा गावठी असती तर थोडी पलीकडे गेली असती. म्हशीचे दहा महिने दहा दिवस तुला माहीत असतील, तो हिशेब इथं लावू नको. कॅलेंडरवर 1 एप्रिलला खूण कर. तिथून पुढं डोळा ठेवायचा.

मावशींचंही चुकलं नाही. त्यांनी चार-पाच वेतांच्या गाई बघितल्यात. तशी गाय व्यायच्या आठ-पंधरा दिवस आधी कास टाकते, म्हणजे तिची कास भरून येते. पहिलारूचं तसं नसतं. तिची कास पाचव्या-सहाव्या महिन्यापासून हळूहळू वाढते आणि शेवटच्या महिन्यात एकाएकी मोठी दिसते. कधी सूज बेंबीपर्यंत येते, बोटानं दाबलं की खळगा राहतो. ते बघून माणूस घाबरतो आणि लवकर जागरण सुरू करतो. मी हे केलंय म्हणून सांगते. खानापूरकडं आमच्या गोठ्यात चांदी नावाची पहिलारू होती. ऐन पावसाळा, गावात लाईट नाही. कास बघून आम्ही सहा रात्री कंदील घेऊन बसलो. सातव्या रात्री सगळ्यांचेच डोळे मिटले. पहाटे बघते तर दोन पाय बाहेर, मान आतच मागं वळलेली. वासरू गेलं. चांदी वाचली, पण त्या सकाळी तिनं माझ्याकडं कसं बघितलं ते मी अजून विसरले नाही. जागायचं त्या रात्री अंगात त्राण राहिलं नव्हतं, म्हणून ते वासरू गेलं.

तेव्हा कास सोड, शेपटीचं मूळ बघ. रोज संध्याकाळी वैरण घालताना शेपटीच्या दोन्ही बाजूंना हात ठेवून दाबायचं. एरवी तिथं दोरीसारखे कडक पट्टे लागतात. व्यायच्या एक-दोन दिवस आधी ते लोण्यासारखे मऊ होतात, दोन्हीकडं खड्डे पडतात आणि शेपटी उचलली की सैल लोंबते. आजपासूनच हात लावायची सवय कर, म्हणजे फरक तुझ्या हातालाच कळेल. नजरेला हा फरक उशिरा दिसतो. त्याच सुमाराला निरण, म्हणजे योनीचं तोंड, सुजून लांबट, सुरकुत्या गेलेलं होतं आणि घट्ट, चिकट स्रावाचा सोट लोंबतो. सड तेलकट चकाकतात, टोकाशी मेणासारखा चीक, म्हणजे पहिलं घट्ट दूध, दिसतो. तो बघून पिळायचा मोह होतो. पिळू नको, तो वासराचा आहे.

थर्मामीटर असेल तर 1 एप्रिलपासून रोज संध्याकाळी त्याच वेळेला गुदद्वारात लावून ताप लिहून ठेव. एरवी 101–102 फॅरनहाइटच्या आसपास असतो. व्यायच्या आदल्या दिवशी एखाद-दीड अंशानं उतरतो. ताप उतरला आणि शेपटीचं मूळही सैल लागलं, तर ती रात्र जागायची.

मग ती कळपापासून बाजूला होते, वैरण टाकते, उठ-बस करते, शेपटी वर धरते, पोटाकडं वळून बघते, थोडं थोडं शेण टाकते. आमच्या बाजूला म्हणतात, "गप बसंना झालीया." पहिलारूला हे अर्धा दिवसही चालतं. त्या वेळी भोवती गर्दी करू नको. दावं मोकळं सोड, खाली भाताचं पिंजर नाहीतर कोरडा कडबा जाड अंथर, आणि लांब बसून राहा. माणसं जवळ गेली की पहिलारू कळा थांबवते. अर्धा दिवस उलटूनही पुढं काही झालं नाही, तर डॉक्टरांना विचार.

खरी वेळ पाणमोट, म्हणजे वासराआधी बाहेर येणारी पाण्याची पिशवी, दिसल्यापासून मोजायची. घड्याळात बघून भिंतीवर लिहून ठेव, जीव घाबरा असला की अर्धा तास दोन तासांसारखा वाटतो. पाणमोट दिसल्यावर तासाभरात पाय दिसायला हवेत, आणि पाय दिसल्यावर दर अर्ध्या तासाला थोडं तरी पुढं सरकायला हवं. दोन पुढचे पाय, खूर तळव्याकडून खाली, वर टेकलेलं नाक, असं असेल तर हात लावू नको. एकच पाय, नुसतं तोंड, नुसती शेपटी, किंवा खुरांचे तळवे आभाळाकडं दिसले, तर तास मोजत बसू नको. लगेच फोन. चार गडी बोलावून दोरी लावून ओढायचं मनातही आणू नको. आडवं वासरू ओढलं की गर्भाशय फाटू शकतं.

फोनचं आत्ताच ठरवून ठेव. गावच्या डॉक्टरांचा नंबर दारामागं लिही, पशुसंवर्धन खात्याच्या फिरत्या दवाखान्याचा 1962 पण लिही. फोनवर समोरचा कन्नड बोलणारा असला तर गडबडू नको, एवढंच म्हण: "आकळ करू हाकवल्दु", म्हणजे गाईचं वासरू बाहेर येत नाही. आणि पाणमोट किती वाजता दिसली ते सांग. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.

वासरू पडलं की नाकातोंडातला चिकटा पुसून गाईपुढं ठेव, ती चाटेल. नाळेला टिंक्चर आयोडीन लाव. वार, म्हणजे वासरामागून पडणारी झार, पडायची वाट बारा तास बघायची, ओढायची नाही, तिला दगड की चप्पल बांधायची नाही. त्यापुढं अडकली तर डॉक्टरच.

आणि चीक. व्याली म्हटलं की गल्लीतून खरवसासाठी भांडी येतात, आपल्याला नाही म्हणवत नाही. तरी पहिल्या दोन तासांत वासराच्या पोटात दोन लिटर चीक गेल्याशिवाय एक वाटीही बाहेर देऊ नको. सासूबाई रागावल्या तर आक्कानं सांगितलंय म्हण. व्याली की मला कळव.