‘पुढच्या सोमवारी ऑपरेशन’ असं सांगितलंय

खानापूरहून बेळगावला येणाऱ्या बसमध्ये त्या दिवशी जागा होती. तरी सुमन (नाव बदललंय, घरचे तपशीलही थोडे बदललेत) पाऊण तास दांडी धरून उभी राहून आली. शक्ती योजनेमुळं तिकीट शून्य, सीट रिकामी आणि बाई उभी! माझ्यासमोरही ती बसेना. खुर्ची पुढं केली तर म्हणाली, “नको म्याडम, डाग पडंल.” मग कॅरीबॅगेतून जुना टॉवेल काढला, त्याची चौपदरी घडी खुर्चीवर घातली आणि त्यावर अलगद टेकली. घडी इतकी सफाईदार होती की हे तिचं रोजचं असणार, हे वेगळं विचारावं लागलं नाही.

मी डॉक्टर नाही. बायकांच्या आजारांत निर्णय घ्यायची वेळ येते, तेव्हा घरच्यांशी आणि स्वतःशी बोलायला मदत करणं एवढंच माझं काम. त्या कामात सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न सुमननं बसल्या बसल्या विचारला. “पिशवीत गाठी हायत म्हणालेत. पुढच्या सोमवारी ऑपरेशन. नाही काढली तर क्यान्सर हुईल काय?”

वय बेचाळीस. दोन मुलं, थोरली सेकंड पीयूसीला, म्हणजे बारावीला. नवरा उद्यमबागेतल्या फाउंड्रीत. घरची थोडी भातशेती, आणि हिचं शिलाई मशीन. दीड वर्षं पाळी आठ-नऊ दिवस चालायची. पहिल्या तीन दिवसांत दर तासा-दीड तासाला कपडा बदलावा लागायचा, रात्री दोनदा उठायचं. रक्ताच्या मोठमोठ्या गाठी पडायच्या, त्यावर सासूबाईंचं म्हणणं, “पडालेत ते बरं, पिशवीतल्या गाठी आपोआप मोकळ्या हुयालेत.”

इथं जरा थांबते, कारण हा घोळ मी फार घरांत पाहिलाय. मराठीत दोन्हीला आपण ‘गाठी’च म्हणतो. पाळीत पडतात त्या साकळलेल्या रक्ताच्या गुठळ्या. फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूतच वाढलेला घट्ट गोळा. तो असा पडून जात नाही. उलट रुपयाच्या नाण्याएवढ्या गुठळ्या दर महिन्याला पडत असतील, तर शरीर मोकळं होत नसतं, रिकामं होत असतं.

सुमनचं हिमोग्लोबिन होतं ७.४. गरोदर नसलेल्या बाईला किमान १२ लागतं, आठाच्या खाली तीव्र रक्तक्षय. जिना चढताना धाप, मशीनवर बसलं की डोळ्यांपुढं अंधारी. ती याला ‘वय झालं’ म्हणत होती.

आता क्यान्सरचं. फायब्रॉइड ही कर्करोगाची गाठ नव्हे. फायब्रॉइड समजून काढलेली गाठ कर्करोगाची निघाली, असं शंभरात एकीच्या बाबतीतही होत नाही. पण पाळी कायमची गेल्यावर गाठ वाढू लागली किंवा परत रक्त दिसलं, तर दुसऱ्या दिवशी डॉक्टर गाठायचा. चाळिशीनंतर पाळी फार बिघडली असेल तर गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा तुकडा तपासून घेणंही योग्य. सुमनचा तो तपास झालाच नव्हता. थेट सोमवार ठरला होता.

तिनं कागद माझ्यापुढं ठेवले. सोनोग्राफीत एक गाठ साधारण पाच सेंटीमीटरची, मागच्या भिंतीत, आणि दोन बारक्या. केसपेपरवर शेवटची ओळ होती: टीएएच अधिक बीएसओ. मी तिला विचारलं, “काय काय काढणार म्हणून सांगितलंय?”

“पिशवी.”

“आणि अंडाशय?”

“ते पिशवीतच आलं की!”

नाही आलं. टीएएच म्हणजे पोटावर छेद घेऊन गर्भाशय काढणं. बीएसओ म्हणजे दोन्ही बाजूच्या नळ्या आणि दोन्ही अंडाशयही. गर्भाशय काढलं तर पाळी थांबते, पण अंडाशय शाबूत असतील तर त्यांची संप्रेरकं चालू राहतात. बेचाळिसाव्या वर्षी दोन्ही अंडाशय काढले, तर जी पाळी आपल्याकडं साधारण सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमाराला हळूहळू जाते, ती एका दिवसात जाते. अंगातून वाफा, झोप उडणं, पुढं हाडं ठिसूळ होणं, हृदयावर परिणाम. काही बायकांना अंडाशय काढायची खरी गरज असते, म्हणजे घरात स्तनाच्या किंवा अंडाशयाच्या कर्करोगाचा इतिहास असेल किंवा अंडाशयातच काही दिसत असेल. हिच्या कागदांत तसं काही नव्हतं. संमतीचा फॉर्म कन्नड आणि इंग्रजीत. सुमनला कन्नड बोलता येतं, वाचायला अडखळते. सही मात्र करून झाली होती. यात मला भाषेचा वाद आणायचा नाही. मराठीत छापला असता तरी बीएसओचा अर्थ तिला कळला नसता. कुणीतरी दोन मिनिटं बसून सांगायला हवं होतं.

तरी मी तिला ‘करू नकोस’ म्हटलं नाही. याला कारण आहे. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या बातम्या आल्या. सरकारी पाहणीत ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. आमच्या चिकोडी-अथणीकडचा पट्टाही उसाचाच. त्या दिवसांत मी इतकी पेटले होते की समोर आलेल्या प्रत्येकीला ऑपरेशनपासून परतवायचे. त्यातली एक निपाणीकडची, तंबाखूच्या वखारीत काम करणारी. माझं ऐकून तिनं ऑपरेशन रद्द केलं, पुढं काहीच केलं नाही आणि सहा महिन्यांनी हिमोग्लोबिन पाचावर आल्यावर तिला रात्रीत रक्त चढवावं लागलं. ‘नको’ म्हणणं सोपं होतं, त्याच्या जागी काय हे मी तिला नीट सांगितलंच नव्हतं. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अनावश्यक पिशव्या काढणं रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं सगळ्या राज्यांनी तीन महिन्यांत लागू करावीत असा आदेश दिला, तेव्हा मला आनंद झाला आणि त्याच वेळी वखारीतली ती बाई आठवली.

म्हणून सुमनला मी एवढंच म्हटलं, सोमवार सोड. आधी रक्त भरून काढू, मग ठरव. सात हिमोग्लोबिनवर बाईला ठरवता येत नाही, तिला फक्त सुटका हवी असते. शिवाय इतक्या कमी रक्तावर मोठं ऑपरेशन करणं हीच एक जोखीम. आमच्या ओळखीच्या दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी तिला शिरेतून लोहाचे डोस दिले आणि पाळीच्या दिवसांपुरत्या ट्रानेक्सॅमिक ॲसिडच्या गोळ्या. त्यानं गाठ बारीक होत नाही, रक्तस्राव कमी होतो. पायाच्या शिरेत गुठळी झालेल्या बाईनं ती गोळी परस्पर मेडिकलमधून घेऊ नये. अस्तराचा तपासही झाला, निर्मळ निघाला.

तिचं माहेर चंदगडकडं, म्हणजे महाराष्ट्रात. आईनं निरोप धाडला, इकडं ये, एक वैद्य गाठ विरघळवायचा काढा देतात. सुमननं मला विचारलं तेव्हा मी विचारलं, “किती वयाच्या बाईची विरघळली?” आठवून म्हणाली, “पन्नाशीच्या असतील.” पाळी गेली की या गाठी आपोआप आक्रसतात, कारण त्या वाढतात बाईच्या संप्रेरकांवर. पन्नाशीच्या बाईचं श्रेय काढा घेऊन जातो.

दोन महिन्यांत हिमोग्लोबिन १०.६ झालं आणि समोर वेगळीच बाई येऊन बसली. टॉवेल होताच, पण आता ती प्रश्न विचारत होती.

मी तिला घराच्या भिंतीचं उदाहरण दिलं. गर्भाशय म्हणजे एक खोली समज. गाठ खोलीच्या आतल्या बाजूला फुगलेली असेल, तर लहानशीसुद्धा फार रक्त घालवते आणि ती बऱ्याचदा खालून दुर्बीण घालून, पोटाला टाका न लावता काढता येते. परसाच्या, म्हणजे बाहेरच्या बाजूला फुगलेली मोठी असूनही पाळीला हात लावत नाही, मात्र लघवीच्या पिशवीवर नाहीतर आतड्यावर दाबते. भिंतीच्या जाडीतली दोन्हीकडं थोडी थोडी. सुमनची जाडीतली, आतला पोकळ भाग फारसा न वाकवणारी. म्हणजे तिच्यापुढं वाटा होत्या. गोळ्यांवर राहून पाळी जायची वाट बघणं. गर्भाशयात बसवायची संप्रेरकाची कॉपर-टीसारखी वस्तू, मिरेना, जी जास्त रक्तस्रावावर पाच वर्षं काम करते. फक्त गाठी काढून पिशवी ठेवणं, पण त्यात नव्या गाठी येऊ शकतात आणि ज्यांना अजून मूल हवंय त्यांना त्याचा खरा उपयोग. जांघेतल्या किंवा मनगटाच्या धमनीतून नळी नेऊन गाठीचा रक्तपुरवठा बारीक कणांनी बंद करणं. ही पद्धत १९९५ साली फ्रान्सच्या डॉक्टरांनी गाठींसाठी प्रसिद्ध केली. तिला खास तयारीचा रेडिओलॉजिस्ट लागतो, म्हणून ती मोठ्या इस्पितळातच विचारावी लागते. आणि पिशवी काढणं, ज्यानंतर गाठ आणि पाळी दोन्ही परत येत नाहीत. गाठ आक्रसवणारी इंजेक्शनंही आहेत, पण ती मुख्यतः ऑपरेशनच्या आधी दोन-तीन महिने. थांबवली की गाठ पुन्हा वाढते.

नवरा एकदा आला होता. आत काही बोलला नाही. बाहेर गाडीला किल्ली लावता लावता म्हणाला, “म्याडम, पिशवी काढली की बाई… म्हणजे आमच्यात पुढं…” वाक्य तिथंच राहिलं. या अर्ध्या वाक्यासाठी मी घरच्यांना बोलावते. गर्भाशय गेल्यानं नवरा-बायकोचं नातं संपत नाही, टाके भरायला सहा-आठ आठवडे द्यायचे एवढंच. रक्तस्राव आणि थकवा गेल्यावर पुष्कळ जणींना उलट बरं वाटतं. त्यानं मान हलवली, पुढं फाउंड्रीतल्या ओव्हरटाइमबद्दल बोलत राहिला. ऐकलं होतं, एवढं नक्की.

सुमननं मिरेना निवडली. माझ्याही मनात तीच होती, म्हणून मला जरा जास्तच आनंद झाला, आणि तो तिला दिसला असणार. चौथ्या महिन्यात मोठ्या पाळीत मिरेना बाहेर पडली. गाठी असलेल्या गर्भाशयात असं होण्याची शक्यता जास्त असते, हे तिला आधी सांगितलेलं होतं, तरी तिचा चेहरा पडला. फोनवर म्हणाली, “पुन्यांदा बसवू म्हणालेत. मी नको म्हणालो. आता काढूनच टाकतो.” (आमच्याकडं बायकाही ‘म्हणालो’, ‘जातो’ असंच बोलतात.)

मी दोन दिवस स्वतःशी भांडले. पाळी जायला चार-पाच वर्षं, गोळ्यांवर निभलं असतं, असं मला वाटत होतं. पण दर महिन्याचे ते नऊ दिवस माझे नव्हते. तिनं कारणं सांगितली ती माझ्या कुठल्याही तक्त्यात नव्हती. डिसेंबरात भाताची सुगी संपते. सहा आठवडे घागर उचलायची नाही, तर तेव्हा लेकीची परीक्षाही लांब असते. उन्हाळ्यापर्यंत मशीनवर बसता येतं आणि लग्नसराईची ब्लाउजं हातची जात नाहीत. बीपीएल कार्ड होतं, म्हणून आधी सरकारी दवाखान्यात आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेची चौकशी करून तिथूनच सगळं केलं. कार्ड कुठल्या राज्याचं आणि माहेर कुठल्या राज्यात, हा सीमाभागातला वेगळाच संसार आहे. त्यात तिचे दोन हेलपाटे झाले.

या वेळी सही करायच्या आधी तिनं नर्सला थांबवलं. म्हणाली, “मराठीत वाचून दाखवा.” नर्सबाई हुबळीकडच्या, त्यांना मराठी तुटकच येत होतं. मग त्यांनी कन्नडमध्ये एकेक ओळ सावकाश वाचली, हिनं ती मराठीत स्वतःशी म्हटली. नळ्या काढायच्या, अंडाशय ठेवायचे, हे तिनं शाईत लिहून घेतलं. नळ्या काढण्याचं डॉक्टरांनी समजावलं होतं, पुढं अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका त्यानं कमी होतो. अंडाशय ठेवूनही पाळी जाण्याची लक्षणं थोडी लवकर येऊ शकतात, हेही तिला माहीत होतं.

फेब्रुवारीत ती आली. हिमोग्लोबिन १२.१. रिपोर्टमध्ये साध्या फायब्रॉइडच्या तीन गाठी. बरोबर जाऊबाई होत्या, तिच्याहून चार वर्षांनी लहान, हातात नवीकोरी फाइल. सोनोग्राफीत दोन सेंटीमीटरची एक गाठ, बाहेरच्या बाजूला. पाळी चार दिवसांची, त्रास काही नाही, ऑपरेशनची तारीख मात्र विचारून आलेल्या. “अक्कांनी काढली नव्हं, मग मीबी काढतो.”

मी तोंड उघडायच्या आत सुमननं ती फाइल तिच्या हातातून घेतली. म्हणाली, “थांब बाई. आधी सांग, तुला हुतंय काय?”